पावणेदोन किलो विरजण

दोन किलोंचे चार किलो होताना मी पाहिले आहेत, माझ्या स्वतःच्या काट्यावर, आणि काट्यावर वजनमापवाल्यांचा शिक्का ताजा असताना. त्यामुळे त्या हिवाळ्यात काय झालं असं कोणी विचारलं की मी आधी आकडे सांगतो आणि मग गप्प बसतो. आकडे सगळे बरोबर होते. त्यांच्यावरून आम्ही जे काही काढलं, ते सगळं चूक होतं.

साल दोन हजार एक. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत देवरामशेठचा मेणाचा कारखाना होता. मी तिथे स्टोअर सांभाळायचो. आत आलेलं पोतं आणि बाहेर गेलेला डबा, दोन्ही माझ्या रजिस्टरातून जायचे. माणसांचंही मी मनात एक पान उघडून ठेवतो. देवरामशेठच्या पानावर उत्साहाची आवक रोजची, धीर कायम शिल्लक शून्य. माणूस मनाने वाईट नाही. पिढीजात दूधवाले, गंगापूर रोडला गोठा होता, तो विकून मेणात पडले. मात्र डोकं अजून गोठ्यातच बांधलेलं.

आमचं मेण म्हणजे मेणबत्तीचं नव्हे. क्रीममध्ये, लिपस्टिकमध्ये घालतात ते. पाम तेलातून काढलेलं एक ॲसिड आणि तसाच पांढरा, साबणाच्या चुऱ्यासारखा दिसणारा एक अल्कोहोल (हा प्यायचा नव्हे, हे शेठना दोनदा सांगावं लागलं) अशा दोघांची गाठ बांधली की हे मेण होतं. गाठ बसताना थोडं पाणी सुटतं. पूर्वी आम्ही ही गाठ टोल्युइनमध्ये, म्हणजे थिनरसारख्या उग्र द्रवात उकळून, वर दुसरं एक तिखट ॲसिड घालून बांधायचो. मेण व्हायचं, पण पिवळं. आणि टोल्युइनचा वास कितीही काढला तरी मागे राहायचाच. ऑपरेटर निसार मालेगावचा. तिथे मागाच्या सुताला खळ लावतात त्या सायझिंगच्या कढयांवर वाढलेला, त्याला वासाचं कौतुक नव्हतं. तरी संध्याकाळी डोकं धरून बसायचा.

मुंबईच्या एका क्रीमवाल्यांनी वासावरून माल परत पाठवला तेव्हा शेठनी मंजुषा मॅडमना कामावर घेतलं. मुलगी सव्वीस वर्षांची, मूळ पेठची, एम.एस्सी. झालेली. वडील शिक्षक. पेठलाच आश्रमशाळेत विज्ञानाची कायमची नोकरी तिला चालून आली होती. ती नाकारून ती आमच्याकडे आली, कारण टोल्युइन न वापरता मेण करता येतं असं तिचं म्हणणं होतं आणि ते करून बघायला कोणीतरी भांडं द्यायला हवं होतं. शेठनी शंभर किलोचं भांडं दिलं. अट घातली ती मात्र रोख. मुंबईवाल्यांना डिसेंबर-जानेवारीत ताज्या बॅचचे तीन नमुने पाठवायचे. तिन्ही नापास झाले तर टोल्युइनची पिंपं परत आणायची.

"आणि मग मॅडम, तुमचा-आमचा रामराम," शेठ म्हणाले. हसून म्हणाले, पण म्हणाले.

वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, हे मला तिच्या डब्यावरून कळलं. आधी दर सोमवारी घरून नागलीच्या भाकरी यायच्या. त्या बंद झाल्या.

मॅडमची रीत अशी. ॲसिड आणि अल्कोहोल नुसते वितळवायचे, सत्तर अंशावर. त्यांत टोल्युइन नाही, पाणी नाही, काही नाही. मग त्या पातळ मेणात एन्झाइमचे दाणे सोडायचे. साबुदाण्यापेक्षा बारीक, फिकट तपकिरी. हळूहळू ढवळायचं, पंप लावून सुटलेलं पाणी ओढून घ्यायचं, आणि काम झालं की जाळीतून मेण गाळून दाणे परत घ्यायचे, पुढच्या खेपेला वापरायला. दाणे परदेशी, मुंबईच्या एजंटाकडून दोन किलो आले होते. नवे मागवायचे तर सहा आठवडे.

दसऱ्याला भांड्याची पूजा झाली. शेठ हळदीचं बोट दाण्यांच्या डब्यात घालणार, तेवढ्यात मॅडमनी डबा मागे घेतला.

"का, जिवंत हाय का ते?"

"जिवंत नाही शेठ. पण जिवंत गोष्टीतून काढलेलं आहे. नाजूक असतं."

"पण करतं काय नक्की?"

मॅडमनी खूप सांगितलं. पाच मिनिटं सांगितलं. शेठचा चेहरा पाटीसारखा कोरा. शेवटी ती दमून म्हणाली, "शेठ, विरजण समजा. एवढंसं घालायचं, सगळं काम ते करतं, आणि परत पुढच्या वेळेला तेच वापरायचं."

"हां!" शेठनी मांडीवर थाप मारली. "असं बोला ना मग! अडीचशे लिटर दुधाला विरजण लावलंय मी रोज."

त्या एका शब्दापाशी मी पुढे पुष्कळदा परत गेलो. शेठना कळेल असं तिने सांगितलं, आणि शेठना कळलं. सगळा घोटाळा तिथेच झाला.

पहिली बॅच झकास. मेण दुधासारखं पांढरं, वास शून्य. पास-नापास ठरायचं ते ॲसिड व्हॅल्यूवरून, म्हणजे गाठ न बसलेलं ॲसिड किती उरलं यावरून. ते मॅडम काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडून बघायच्या. थोड्या थेंबांत गुलाबी रंग आला की ॲसिड थोडंच उरलं. आकडा दोनच्या आत हवा. पहिल्या बॅचला आठ तासांत दीड आला. चहा करणाऱ्या सिंधुबाईला काचेची नळी कळत नव्हती, पण तिने स्वतःचा हिशोब बसवला होता. "गुलाबी लवकर आला का मॅडम साखरेचा चहा मागती."

बॅच संपल्यावर निसार जाळीतले दाणे डब्यात घालून स्टोअरला घेऊन आला. मी काट्यावर ठेवले. सवय आहे, माझ्याकडे परत आलेली कुठलीही वस्तू वजन झाल्याशिवाय फळीवर चढत नाही. दिले होते दोन किलो. आले दोन किलो सहाशे ग्रॅम.

मी काटा शून्यावर आणला, परत ठेवले. दोन सहाशे.

"काका, मी काही घातलं नाय हां त्यात," निसार घाईने म्हणाला. "अपने को मालूम नाय."

मी शेठना रजिस्टर दाखवलं. त्यांनी आकडा पाहिला आणि आनंदाने डोळे मिटले.

"गांगुर्डे, वाढलं की हो विरजण!"

"वाढलं?"

"विरजण वाढणारच. त्याचा धर्मच तो. लागेल तेवढं ठेवायचं, वरचं बाजूला काढायचं. मॅडमना दोन किलोच लागतं ना? मग दोनच द्या. वरचे सहाशे वेगळ्या डब्यात."

मला ते चमत्कारिक वाटलं, पण काट्यावर दिसत होतं. आणि मी काट्यावर कधी अविश्वास दाखवला नाही, माणसांवर दाखवला. मी रजिस्टरात एक नवं पान उघडलं आणि वर लिहिलं, 'वाढ'. पहिली नोंद, सहाशे ग्रॅम.

मॅडमना सांगितलं का? नाही. मला वाटलं, त्यांनाच ठाऊक असणार. विरजण हा शब्दच त्यांचा. त्यांच्या बॅचकार्डावर 'एन्झाइम – २ किलो' लिहिलेलं असायचं, मी दोन किलो मोजून द्यायचो, खाली आम्हा दोघांच्या आणि निसारच्या सह्या. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या बॅचला वाढ साडेचारशे. तिसरीला चारशे. चौथीला तीनशे. आणि इकडे मेणाला वेळ लागायला लागला. आठ तासांचे अकरा झाले, अकराचे चौदा. चौथी बॅच डिसेंबरात लावली तेव्हा अठरा तास पंप घोंघावत होता आणि आकडा पाचाच्या खाली यायला तयार नाही. मॅडमनी तोच नमुना मुंबईला पाठवला, शेठनी तारीख दिली होती म्हणून. आठवड्याने उत्तर आलं. नापास.

आता कारखान्यात प्रत्येकाचं स्वतःचं एक कारण तयार झालं. निसारचं म्हणणं, अल्कोहोलची पोती भेसळीची. "मालेगावमें देखा है काका, चरबी में क्या क्या मिलाते लोग. ये पावडर वोइच है." सिंधुबाई म्हणायची, शेजारच्या पत्र्याच्या कारखान्यातला वॉचमन रोज खिडकीतून वाकून बघतो, त्याची नजर. शेठचं कारण सगळ्यांत भक्कम.

"थंडी पडलीय. थंडीत विरजण उशिरा लागतं. आमच्या गोठ्यावर डिसेंबरात भांड्याला गोधडी गुंडाळायचो."

दुसऱ्या दिवशी भांड्याला चार गोणपाटं गुंडाळलेली दिसली. मॅडम आल्या, थांबल्या.

"हे कोणी केलं?"

"शेठनी. उबेला," मी म्हणालो.

"काका, आत सत्तर अंश आहे. हीटर आहे. थर्मामीटर आहे."

"ते आतलं झालं. बाहेर थंडी आहे ना."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला. पण गंमत बघा, शेठचं म्हणणं माझ्या रजिस्टराशी जुळत होतं. थंडी वाढत होती, वेळ वाढत होता, आणि 'वाढ'सुद्धा दर खेपेला कमी होत होती. थंडीत विरजण मंदावतं, तसंच मंदावलेलं. मला तर शेठच शास्त्रज्ञ वाटायला लागले.

मॅडम मात्र एकेक गोष्ट काढून तपासत होत्या. थर्मामीटर नवा आणला. पंपाचं तेल बदललं. ॲसिडचं पोतं बदललं, अल्कोहोलचं बदललं. ढवळायचा पंखा हळू केला, जोरात केला. दाणे कडक आचेने मेले की काय म्हणून पाच अंश कमी केले. सहा गोष्टी तिने तपासल्या. सातवा मी होतो, आणि मी तर रोज समोर बसलेलो.

संक्रांतीला शेठ बायकोला घेऊन पिंपळगाव बसवंतला गेले, साडू बहिरूनानांकडे. नानांचं द्राक्षांचं पॅकहाउस होतं आणि डोक्यात नवा उद्योग, मेण घरच्या घरी करून डाळिंबावर लावायचं. शेठ जाताना स्टोअरमध्ये आले.

"गांगुर्डे, वाढीचं किती झालं?"

"साडेसतराशे ग्रॅम."

"द्या. साडूला विरजण नेतो. आपल्याकडे पडून काय उपयोग? घरात चांगलं विरजण असलं की शेजारी वाटीभर द्यायचं असतं."

मी डबा दिला. 'वाढ'च्या पानावर लिहिलं, 'पिंपळगाव, पावणेदोन किलो, शेठ स्वतः.' सही घेतली.

त्यानंतर तीन दिवसांनी पाचवी बॅच. बावीस तास. गुलाबी यायचं नाव नाही. नळीतले थेंब संपत आले तरी फ्लास्क पांढराच, आणि मॅडम नळीकडे बघत उभ्या. हातातला नळीचा चिमटा सोडायचं भानही नव्हतं. आकडा नऊ. दुसरा नमुनाही गेला, दुसरंही उत्तर आलं. एकच ओळ. तिसरा एकतीस जानेवारीच्या आत पाठवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो.

त्याच संध्याकाळी फाटकाशी टोल्युइनची चार पिंपं उतरली. शेठनी कोणाला काही सांगितलं नाही. पिंपं उतरवून घ्यायला मलाच बोलावलं, एवढंच. मॅडम स्कूटरला किक मारताना तिकडे बघून थांबल्या.

"काका, पेठच्या शाळेत जागा भरली. बाबांनी कळवलं. खूप महिन्यांनी फोन केला, ते एवढंच सांगायला."

मी म्हणालो, "गाडीला पेट्रोल आहे ना?"

शेवटची बॅच एकोणतीसला सकाळी सहाला लागायची होती. अठ्ठावीसच्या दुपारी मी स्टोअरमध्ये आलो तर माझ्या टेबलावरचा छोटा डबा गायब. पाचव्या बॅचची वाढ होती त्यात, अडीचशे ग्रॅम, पांढऱ्या ढेकळासारखी घट्ट झालेली. फळीवर चढवायची राहिली होती.

"सिंधुबाई, इथला डबा?"

"शेगडीजवळ ठिवलाय. टेबल पुसाय घेतला तवा." ती खाली बसून चपला काढून टाचांना काहीतरी चोळत होती. टाचा भेगाळलेल्या, थंडीच्या. "काका, तुमच्या विरजनाचं तूप निघालं बगा. लय ग्वाड लागतंय भेगांना. आंगठ्याएवढी भेग हुती, मऊ झाली."

"कसलं तूप?"

तिने वाटी दाखवली. वाटीत पांढरं मेण, गोठायला लागलेलं. डबा शेगडीच्या उबेला ठेवलेला. आतलं ढेकूळ विरघळून मेण खाली साठलेलं, ते हिने वाटीत ओतून घेतलेलं. डब्यात उरले होते नुसते दाणे. फिकट तपकिरी, सुटे, मुंबईहून आले तसे.

मी डबा काट्यावर ठेवला. एकशे तीस ग्रॅम.

वाटी ठेवली. वाटीचं वजन वजा करून शंभरच्या आसपास. बाकीचं सिंधुबाईच्या टाचांत.

मी खुर्चीवर बसलो. बराच वेळ मला काय कळलं तेच कळेना. अडीचशेची वाढ, तिच्यात जवळजवळ निम्मं मेण. म्हणजे वाढलेलं होतं ते मेण, दाण्यांना चिकटलेलं. जाळीतून पूर्ण न निथळलेलं. पण आम्ही बाजूला काय काढलं? मेण नाही काढलं. मेणात माखलेले दाणे काढले. आणि भांड्यात दोन किलो म्हणून जे दिलं, ते दोन किलो होतंच, पण त्यात दाणे किती? मी कागदावर मांडलं, खोडलं, परत मांडलं. रजिस्टरात वाढ, भांड्यात घट. एकाच काट्यावर, माझ्याच हाताने. पाच वेळा.

खरं सांगायचं तर तेव्हाही मला आशा होती की माझंच काहीतरी चुकत असेल.

निसारला गाठलं. "टेम्पो काढ. पिंपळगावला जायचंय, एक डबा आणायचाय."

"आत्ता? वाजले किती?"

"साडेचार. चल."

फाटकात मॅडम. "काका, कुठे?"

"पिंपळगावला. थोडा माल आणायचाय."

"मी येते. ओझरला मैत्रिणीकडे पुस्तक आहे, एन्झाइमचं. परतताना घेऊ. आज शेवटची रात्र आहे, काहीतरी वाचते तरी."

नको म्हणायला कारण सुचेना. टेम्पोच्या केबिनमध्ये आम्ही तिघे, मधे मी, मांडीवर रजिस्टर. आडगाव गेलं, ओझर गेलं. आग्रा रोडवर कांद्याचे ट्रक एकामागे एक. सांगायचं ठरवलं होतं. पण प्रत्येक वेळी तोंड उघडलं की निसार हॉर्न वाजवायचा.

बहिरूनाना कोल्ड स्टोअरेजला गेलेले. दारात भागीबाई, शेठची मेव्हणी. देवापुढे दिवा लावून नुकतीच बाहेर आली होती. बोटाला अजून तेल.

"या की काका. दाजी बरं हायेत ना?"

"बरे आहेत. ताई, तो डबा न्यायला आलोय. संक्रांतीला शेठनी दिलेला."

"विरजनाचा?"

"तोच. नानांनी वापरला नाही ना?"

"नाय बा. भट्टी यायची हाय अजून. फळीवर ठिवलाय, दह्याशेजारी. पन आत्ता कसा देऊ?" तिने मागे दिव्याकडे पाहिलं. "दिवं लागल्यावर विरजन घराबाहीर देत न्हाईत. तुमाला ठावं नाय का? सकाळी या."

"सकाळी सहाला बॅच लावायचीय, ताई."

"मंग पहाटं या. उजाडलं का देते."

निसार पुढे झाला. "भाभी, आमच्या हातात द्या. हम को कुछ दोष नाय लगता."

"तुला नाय लागत रे बाबा. माझ्या दुभत्याला लागतो. दोन म्हशी हायेत दावनीला, एक तर आत्ताच व्यालीय."

"काका," मागून मॅडमचा आवाज आला. "कसलं विरजण?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. भागीबाईकडे पाहूनच बोललो, सोपं पडतं म्हणून.

"ताई, ते विरजण नाही."

"आं? दाजी तर म्हनले."

"शेठ खोटं नाही बोलले. त्यांना मी आकडे दाखवले होते. पण ते वाढत नाही, ताई. दाण्याचा दाणाही वाढलेला नाही. वजन वाढलं ते त्याला चिकटलेल्या मेणाचं. मुंबईहून जेवढं आलं तेवढंच आहे, त्यातलं निम्मं तुमच्या फळीवर आहे. मीच बाजूला काढलं, दर खेपेला, मॅडमना न सांगता. म्हणून यांचं मेण होत नाही."

आत म्हैस हंबरली. भागीबाई विचार करत होती.

"म्हंजे दुधाला लावलं तर लागनार नाय?"

"नाही."

"आन् ठिवलं तर वाढनार नाय?"

"नाही."

"मंग हे विरजन न्हवंच." ती आत गेली आणि डबा घेऊन आली. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली, पंधरा दिवसांची. "घ्या. आन् मी रोज कुंकू लावत हुते याला. आधी सांगायचं की ओ."

टेम्पोत बसल्यावर मॅडमनी डबा मांडीवर घेतला. ओझर आलं, तिने थांबायला सांगितलं नाही. मग एकदम, "किती किती?"

मी रजिस्टर उघडलं नाही. पाठ होतं. "सहाशे, साडेचारशे, चारशे, तीनशे. पाचवीचे अडीचशे स्टोअरला आहेत. त्यातलं थोडं मेण सिंधुबाईच्या टाचांना."

तिने पर्समधून पेन काढलं, तळहातावर काहीतरी मांडलं. टेम्पोच्या हादऱ्यांनी आकडे वाकडे होत होते.

"पाचव्या बॅचला भांड्यात निम्मेसुद्धा दाणे नसतील. फार तर एक किलो. आणि मी कार्डावर दोन किलो लिहून सही करत होते."

"सही माझीही आहे," मी म्हणालो.

"मेरी भी," निसार म्हणाला. "मैं तो पूरी सही करता हूँ, अंगठा नाय."

तिला हसू आलं की रडू, अंधारात दिसलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला.

"तीन महिने, काका. पंप खोलला मी. ॲसिडला शिव्या घातल्या. स्वतःला घातल्या. आणि तुम्ही वाढ लिहीत होतात."

"वजन बरोबर होतं," मी म्हणालो. बोलल्यावर वाटलं, हे बोलायला नको होतं.

"हो ना," ती म्हणाली. "तेच तर."

सकाळी सहाला तिने सगळं भांड्यात टाकलं. दोन किलोवालं, पिंपळगावचं, स्टोअरमधलं एकशे तीस. मी वजन सांगायला गेलो तर म्हणाली, "नको, आज वजन नको." दुपारी दीडला नळीखाली फ्लास्क ठेवला. चौथ्या-पाचव्या थेंबाला गुलाबी. आकडा एक पूर्णांक चार. सिंधुबाईने न विचारता साखरेचा चहा आणला. नमुना त्याच संध्याकाळी मुंबईच्या गाडीत बसला आणि आठवड्याने उत्तर आलं, पास. एक टनाची मागणी सोबत.

शेठना मी सगळं सांगितलं. रजिस्टर पुढे ठेवून, पानं दाखवून, सिंधुबाईच्या टाचांसकट. ते लक्ष देऊन ऐकत होते. मधे मान हलवत होते.

"थांबा गांगुर्डे. म्हणजे वाढलं होतं का कमी झालं होतं?"

"वजन वाढलं होतं. दाणे कमी झाले होते."

"दोन्ही एकदम?"

"दोन्ही एकदम."

शेठ बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला आणि मला भीती वाटली.

"मला वाटतं पिंपळगावची हवा मानवली त्याला. म्हशींच्या घरात राहून आलं ना. गांगुर्डे, असं करा, दर चार बॅचेसनंतर आठ दिवस साडूकडे पाठवत जा."

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम माझ्याकडे. फाटकाशी टोल्युइनची पिंपं परत टेम्पोत चढत होती. निसार स्वतः ढकलत होता, कोणी सांगितलेलं नसताना.

"पाठवू," मॅडम म्हणाल्या. "रिकामा डबा पाठवू, शेठ."

शेठ गेल्यावर तिने स्टोअरमध्ये खुर्ची ओढली. "काका, आता पुढची पद्धत ठरवू. दाणे परत आले की काट्यावर चढवायचे नाहीत. आले तेवढे सगळे पुढच्या भांड्यात. कमी नाही, जास्त नाही. का, ते सांगते. असं समजा की—"

"मॅडम," मी हात जोडले. "समजा नको. नुसतं काय करायचं तेवढं सांगा, मी लिहून घेतो."

तिने सांगितलं, मी लिहिलं. मग 'वाढ'चं पान काढून तिच्यापुढे धरलं. फाडू का, विचारलं. ती म्हणाली राहू द्या, आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने एक शब्द लिहिला, 'मेण'. खाली सही केली, तारीख घातली. पुढच्या सोमवारी तिच्या डब्यात नागलीची भाकरी होती. कोणी पाठवली ते मी विचारलं नाही. तिने अर्धी मोडून माझ्यापुढे ठेवली.